शाखाचंद्र

पश्चिम रेल्वेनें नित्य ये-जा करणाऱ्या उतारूंच्या अंगवळणीं 'डहाणू रोड' हें नांव इतकें पडलें आहे कीं, त्यांतील 'रोड' हा शब्द तेथें कशासाठीं आला, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. जुन्या रेल्वे कंपन्यांची रीत अशी होती कीं, गांव रुळांपासून दूर असलें म्हणजे त्याच्या नांवापुढें 'रोड' हा शब्द जोडावा आणि स्थानकाला तें नांव द्यावें. तेव्हां 'हें डहाणू आहे' असें ती पाटी सांगत नाहीं; 'डहाणूस जावयाचें असल्यास येथें उतरून रस्ता धरा', एवढेंच ती सांगते. डहाणू गांव समुद्राकाठीं राहिलें आणि पाटी रुळांकाठीं लागली. पाटी म्हणजे गांव नव्हे, हें तर खरेंच; पण पाटीवांचून परक्या माणसाला गांव सांपडावयाचें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आमच्या शास्त्रीपंडितांनीं हीच गोष्ट फार पूर्वीं एका न्यायांत बसवून ठेविली आहे. लहान मुलाला बीजेची कोर दाखवावयाची असली म्हणजे वडील माणूस म्हणतें, "ती फांदी पाहा, तिच्या शेंड्याला चंद्र आहे." चंद्र फांदीवर नाहीं हें सांगणारास ठाऊक असतें, आणि मुलालाही तें पुढें कळतें. फांदी दृष्टीला वळण लावते आणि तिचें काम संपतें. यालाच शाखाचंद्रन्याय म्हणतात. या न्यायाचें विवरण करतांना एक अट मात्र बहुधा सांगावयाची राहून जाते. ती ही कीं, पाहणाऱ्यानें दाखविणाऱ्याच्या शेजारींच उभें राहिलें पाहिजे. तो दहा पावलें बाजूला सरला कीं तीच फांदी आकाशाच्या भलत्याच कोपऱ्याचा निर्देश करूं लागते. फांदी कांहीं खोटी झालेली नसते. ती जेथून पाहावयाची तें ठिकाण हरवलेलें असतें.

संगणकाच्या व्यवहारांत जिला 'सिंबॉलिक लिंक' म्हणतात ती वस्तु म्हणजे अशीच एक फांदी होय. तिला मराठींत अजून रुळलेलें नांव नाहीं. आम्ही तिला या लेखापुरतें 'चिठ्ठी' म्हणतों. सामान्य फाइलींत मजकूर असतो. चिठ्ठींत मजकूर नसतो, दुसऱ्या एखाद्या फाइलीचा पत्ता तेवढा असतो. कोणी ती उघडूं गेलें म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली तो पत्ता वाचते आणि उघडणाऱ्याला त्याच्या नकळत त्या ठिकाणीं नेऊन सोडते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशां'त एखादा शब्द काढावा आणि त्यापुढें अर्थाऐवजीं दुसरा शब्द 'पहा' एवढीच सूचना मिळावी, तसा हा प्रकार आहे. भेद एवढाच कीं येथें पानें उलटण्याचे श्रम यंत्र घेतें. मल्टिक्स नांवाच्या जुन्या प्रणालींत अशा दुव्यांची सोय होती. युनिक्सच्या कुळांत ती बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीनें १९८३ सालीं रूढ केली.

युनिक्समध्यें त्यापूर्वीं एका फाइलीला दोन नांवें देण्याची सोय होतीच. ती निराळी. आपल्याकडे सासरीं नांव बदललेल्या स्त्रीला माहेरचीं माणसें जुन्या नांवानें आणि सासरचीं नव्या नांवानें हाक मारतात. व्यक्ति एकच, आणि दोन्ही नांवांचा मान सारखा. एक नांव विसरलें तरी व्यक्ति नाहींशी होत नाहीं. चिठ्ठीची गोष्ट अशी नाहीं. तिला घर ठाऊक नसतें, घराचा पत्ता तेवढा ठाऊक असतो. घर पडलें तरी चिठ्ठी जशीच्या तशी राहते. न बांधलेल्या घराची चिठ्ठी आज लिहून ठेविली तरी प्रणाली हरकत घेत नाहीं.

हा पत्ता दोन रीतींनीं लिहितां येतो, आणि पुढील सारा घोटाळा समजण्यास हा भेद ध्यानीं धरला पाहिजे. डहाणू रोडहून चारोटीकडे जाणाऱ्या वाटेवर आशागड हें गांव लागतें. या टापूंतील गांव म्हणजे एकमेकांपासून अंतर राखून वसलेल्या पाड्यांचा समूह असतो, आणि पाटीलपाडा, डोंगरीपाडा अशीं नांवें एकाहून अधिक गांवांत आढळतात. तेव्हां 'पाटीलपाड्यावर जा' या वाक्याचा अर्थ, तें कोणत्या गांवांत उभें राहून उच्चारलें यावर ठरतो. डहाणू तालुक्यांत तें एका वस्तीवर नेईल आणि तलासरीच्या बाजूला दुसऱ्याच. हा झाला सापेक्ष पत्ता. याच्या उलट राज्य, जिल्हा, तालुका, गांव अशी मुळापासूनची उतरंड लावून लिहिलेला तो निरपेक्ष पत्ता. वरवर पाहतां दुसरा अधिक भरंवशाचा वाटतो. तथापि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला आणि 'जिल्हा ठाणे' असा आरंभ असलेले या भागांतील सारे जुने पत्ते मुळाशींच ढिले पडले. आशागड तसूभरही हललें नाहीं. त्याच्या वरचें नांव बदललें. 'वाटेच्या पलीकडचा पाडा' या पत्त्याला मात्र त्या दिवशीं कांहीं झालें नाहीं.

हें सर्व आम्हांस एका गठडीनें शिकविलें. आशागडच्या परिसरांत कांहीं वर्षें शिक्षक असलेल्या एका तरुणानें वारली लग्नांतील गाणीं ध्वनिमुद्रित करून ठेविलीं होतीं. वारल्यांचें लग्न धवलेरी लावते, आणि ती जें गाते तें कोणत्याही पोथींत नसतें. वारली बोलीला स्वतंत्र लिपि नाहीं, आणि हें सारें भांडार कंठांतून कंठांत चालत आलेलें आहे. त्या तरुणानें आपल्या लिनक्स-संगणकावर 'ध्वनि' नांवाच्या एका फोल्डरांत सर्व मुद्रणें ठेविलीं आणि त्यांना तारीख व अनुक्रम एवढींच नांवें दिलीं. मग 'गायिका' आणि 'पाडे' असे आणखी दोन फोल्डर करून त्यांत प्रत्येक बाईच्या व प्रत्येक पाड्याच्या नांवाखालीं चिठ्ठ्या मांडल्या. एकच मुद्रण एका जागीं, आणि त्याच्याकडे येणाऱ्या वाटा मात्र अनेक. रचना सुरेख होती. कोण गायली आणि कोठें गायली हें ज्ञान मात्र मुद्रणांत नव्हतें. तें त्या चिठ्ठ्यांच्या मांडणींत होतें.

पुढें तो तरुण नोकरीनिमित्त दूर गेला, संगणक निकालांत निघाला, आणि संग्रहाची एक झिप केलेली गठडी आमच्या एका विद्यार्थिनीच्या हातीं आली. तिची आजी धवलेरी होती. ती वारून वर्ष झालें होतें. मुलीनें घरच्या विंडोज-संगणकावर गठडी सोडली, 'गायिका' उघडलें, आजीचें नांव तिला दिसलें, आणि त्याखालीं नऊ गाणीं दिसलीं. एकही वाजेना. चिठ्ठ्यांना त्या तरुणानें गाण्यासारखींच नांवें दिलेलीं असल्यामुळें यंत्रानें त्यांना गाणीं समजून वाजविणाऱ्या कार्यक्रमाच्या हवालीं केलें, आणि त्यानें 'फाइल बिघडली आहे' असा निकाल दिला. एका जाणत्या गृहस्थानें असा सल्ला दिला कीं, या बिघडलेल्या सुमारें सव्वाशें फायली पुसून टाकाव्या, खरीं मुद्रणें 'ध्वनि'मध्यें शाबूत आहेतच. सल्ला सद्हेतूचा होता. तो मानला असता तर सव्वाशें आवाज राहिले असते आणि एकाही आवाजाला नांव राहिलें नसतें.

"सर, एवढींशीं गाणीं कशीं असतील?" असें म्हणून मुलीनें आम्हांस त्या फायलींचें वजन दाखविलें. प्रत्येकींत शेंदीडशें बाइट. गाणें एवढ्यांत मावत नाहीं. पण एक ओळ मावते. साध्या नोटपॅडमध्यें एक फाइल उघडली तेव्हां तींत एकच ओळ होती: त्या तरुणाच्या संगणकावरील 'होम'पासून आरंभ होणारा, 'ध्वनि'पर्यंत उतरणारा आणि एका तारखेच्या मुद्रणापाशीं थांबणारा पत्ता. झिपच्या गठडींत चिठ्ठी ठेविली म्हणजे तिचा पत्ता हाच तिचा मजकूर म्हणून सांठविला जातो. लिनक्सवर ती योग्य साधनानें सोडली तर पुन्हां चिठ्ठी होते. विंडोजच्या नेहमींच्या साधनानें सोडली तर मजकुराची एक क्षुद्र फाइल होऊन पडते. येथें तेंच झालें होतें. वाट तुटली होती. पाटी मात्र वाचतां येत होती.

चिठ्ठीच्या बाबतींत वाचणें आणि अनुसरणें या दोन क्रिया निराळ्या आहेत, आणि आमच्या मतें या विषयाचें सार त्या भेदांत आहे. अनुसरण्यास घर जाग्यावर असावें लागतें. वाचण्यास चिठ्ठी असली कीं पुरें. युनिक्सच्या सर्व वंशजांत 'रीडलिंक' नांवाची मूळ क्रिया आहे, ती केवळ वाचते. घर आहे कीं नाहीं याची चौकशी ती करीत नाहीं. ती वापरतांनाही दोन गोष्टींची दक्षता लागते. वाचणाऱ्यानें जेवढें भांडें पुढें केलें तेवढींच अक्षरें ती त्यांत ओतते, उरलेलीं मुकाट्यानें टाकून देते, आणि ओळ संपल्याची खूणही शेवटीं करीत नाहीं. किती ओतलें तो आंकडा तेवढा सांगते. म्हणून भांडें कांठोकांठ भरलें तर पत्ता तुटला असावा असें समजून मोठें भांडें घ्यावें आणि पुन्हां वाचावें. देवनागरी पत्त्याला याचा धोका विशेष. कारण सध्यांच्या प्रचलित यूटीएफ-८ लेखनांत आपल्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि भांडें मध्येंच भरलें तर अक्षराचेंच तुकडे होतात. अर्धा वाचलेला पत्ता पुष्कळदां पुरा वाटतो, हा व्यवहारांतलाही अनुभव आहेच.

आतां राज्याराज्यांतील रिवाज पाहा. मॅकिन्टॉशवर १९९१ पासून 'एलियस' नांवाची खूण आहे, पण ती चिठ्ठी नव्हे; ती वस्तु दुसरीकडे हलली तरी तिला शोधूं पाहते. विंडोजचा 'शॉर्टकट' १९९५ चा. तोही निराळाच, कारण त्याचा अर्थ पडद्यावरील कारभाऱ्याला कळतो, इतर कार्यक्रमांना ती एक सामान्य फाइल वाटते. खऱ्या चिठ्ठ्या विंडोजमध्यें व्हिस्टा आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून आल्या. तेथें फाइलीची चिठ्ठी वेगळी, फोल्डरची वेगळी. पत्त्यांतील तिरकी रेघ उलट्या दिशेची. आणि चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मुळांत व्यवस्थापकाकडे. २०१७ पासून विंडोज १० मध्यें 'डेव्हलपर मोड' लावणारासही तो मिळूं लागला. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या एक्सफॅट पद्धतींत तर चिठ्ठीला जागाच नाहीं.

युनिक्सच्या घरांतही सर्व भाऊ एका मताचे आहेत असें नाहीं. 'रीडलिंक' या नांवाची कमांडही आहे, आणि लिनक्सवर तिला 'एफ' हें अक्षर जोडलें म्हणजे ती वाटेंतील सर्व चिठ्ठ्या उलगडून अखेरचा पत्ता सांगते. या सोईला सरावलेल्यानें तोच मजकूर मॅकओएसवर नेला म्हणजे ती कमांड पूर्वीं ताडकन् नकार देत असे. २०२२ सालच्या १२.३ या आवृत्तींत तिनें तें अक्षर स्वीकारलें. या सर्वांचा सामाईक कायदा म्हणजे पॉसिक्स. त्यांत ही कमांड २०२४ च्या आवृत्तीपर्यंत नव्हतीच, आणि आली तीही 'एफ' वगळून आली. अखेरचा पत्ता काढण्याचें काम 'रियलपाथ' या दुसऱ्या कमांडकडे सोंपविलें आहे. तोंपर्यंत सर्वत्र चालेल असा मार्ग एकच होता. फायलींची सविस्तर यादी देणारी 'एलएस' कमांड चिठ्ठीपुढें बाण काढून पत्ता छापते. त्या बाणापुढचा भाग उचलावा, चिठ्ठी जेथें टांगली होती त्या फोल्डरांत जावें, तेथून पत्ता चालावा, आणि पुन्हां चिठ्ठीच लागली तर तीच कृति पुन्हां करावी. फाइलीच्या नांवांतच कोणीं बाण काढून ठेविला असेल तर ही युक्ति फसते. पण असे विक्षिप्त लोक थोडे.

या टप्प्याटप्प्यानें चालण्याला आमच्याकडे अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात: आधीं ठळक तारा दाखवावा, मग त्याच्याजवळचा, आणि अखेर ती बारीक अरुंधती. आमच्या संग्रहांतही असें घडलें. एका बाईची नोंद माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नांवांनीं होती, आणि माहेरचें नांव म्हणजे सासरच्या नांवाकडे धाडणारी चिठ्ठी होती. दोन टप्प्यांत ती सांपडली. मात्र दोन चिठ्ठ्या एकमेकींकडेच बोट दाखवूं लागल्या तर चालणाऱ्याला अंत नाहीं. सरकारी कचेऱ्यांत या मेजावरून त्या मेजावर आणि त्या मेजावरून पुन्हां या मेजावर फिरलेल्या माणसास हें समजावून सांगणें नको. यंत्र या बाबतींत कचेरीपेक्षां दयाळू आहे: पॉसिक्सनें किमान आठ चिठ्ठ्यांपर्यंत चालण्याची हमी दिली आहे, लिनक्स चाळीस चिठ्ठ्यांनंतर थांबतें, आणि ही वाट गोल आहे असें स्पष्ट सांगतें.

त्या मुलीनें आणि आम्हीं केलें तें एवढेंच. सव्वाशें चिठ्ठ्या वाचल्या, एकही अनुसरली नाहीं. प्रत्येक पत्त्यांतील 'होम'पासूनचा जो भाग जगांत कोठेंच उरला नव्हता तो गाळला, आणि 'ध्वनि'पासूनचा भाग आमच्या प्रतींतील मुद्रणांशीं ताडून पाहिला. सर्व जुळले. तिच्या आजीचीं नऊ गाणीं निघालीं. तिनें तीं आमच्यासमोर ऐकलीं नाहींत. घरीं जाऊन ऐकलीं, आणि दुसऱ्या दिवशीं येऊन सांगितलें कीं, पांचव्या गाण्यांत आजी मध्येंच थांबून कोणाला तरी दिवा सरकवावयास सांगते.

'पाडे' या फोल्डरचें मात्र असें झालें नाहीं. तो गठडींत नव्हता. निराळ्या पेनड्राइव्हवर उतरविला होता, आणि वर सांगितल्याप्रमाणें तेथें चिठ्ठ्यांना जागाच नसल्यामुळें उतरविणाऱ्या कार्यक्रमानें त्या वगळल्या होत्या. पाड्यांचीं नांवें असलेले फोल्डर आले, आंत कांहीं नव्हतें. झिपनें वाट तोडली पण पाटी ठेविली. येथें पाटीच गेली. चिठ्ठी निकामी होणें आणि चिठ्ठी नाहींशी होणें यांत केवढें अंतर आहे, हें त्या रिकाम्या फोल्डरांपुढें बसल्यावांचून कळत नाहीं. ज्यांच्यापाशीं असा एखादा संग्रह असेल त्यांनीं तो दुसऱ्याच्या हवालीं करण्यापूर्वीं चिठ्ठ्यांतील पत्ते सापेक्ष करून घ्यावे, म्हणजे संग्रह अखंड हलला तर फांदी आणि चंद्र बरोबरच हलतात. आणि त्याहूनही अगत्याचें म्हणजे प्रत्येक चिठ्ठीचें नांव, ती कोठें टांगली आहे, आणि तींत काय लिहिलें आहे, अशी तीन रकान्यांची साधी यादी करून तिच्याबरोबर ठेवावी. अशी यादी कोणत्याही राज्यांत उघडते, आणि कागदावर उतरविली तर दिव्याच्या उजेडांतही वाचतां येते.

आमची यादी आतां झाली आहे. तींत गायिकेचें नांव प्रत्येक ओळींत आहे. पाड्याचा रकाना मात्र विद्यार्थिनी सुटीच्या दिवशीं आशागडच्या बाजूला हिंडून, म्हाताऱ्या बायांना आवाज ऐकवून, विचारून विचारून भरीत आहे. कांहीं बाया आवाज ओळखतात आणि पाडाही सांगतात. कांहीं आवाज ओळखतात आणि पाड्याविषयीं आपसांत वाद घालतात. अजून एकेचाळीस ओळींपुढें तो रकाना रिकामा आहे.